फोटोखालची एक चूक, आणि टेबलावरची मोटर

मा. संपादक,

स. न. वि. वि.

महिला दिनाच्या पुरवणीत आपण माझ्यावर लेख छापलात आणि सोबत मोठा फोटोही दिलात. लेख चांगल्या मनानं लिहिलेला होता आणि मुलाखत घ्यायला आलेली मुलगी हुशार होती. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझा धंदाच दुरुस्तीचा. चूक दिसली की हात शिवशिवतात. आधी लहान दुरुस्त्या सांगते.

फोटोखाली लिहिलंय की मी ‘पतीच्या मार्गदर्शनाखाली मोटर वाइंडिंगचे धडे गिरवले’. माझे यजमान हिशेबनीस आहेत. घरातला फ्यूज उडाला तर ते मेणबत्ती शोधतात. ही ओळ त्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, “हे आधी दुरुस्त करायला सांग. उद्या कुणी जळकी मोटर माझ्यासमोर आणून ठेवली तर मी काय करू?”

फोटोत मी एका मोटरीला पेचकस लावून उभी आहे. ती मोटर भरून (म्हणजे आत नवी तार बसवून), वार्निश सुकवून, कव्हर लावून, चाचणी घेऊन तयार झालेली होती. तिला पेचकस लावण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. दुसऱ्या हातात मल्टिमीटर आहे, आणि त्याच्या वायरी त्याला जोडलेल्याच नाहीत. तुमचे छायाचित्रकार म्हणाले, “हातात काहीतरी असू द्या, ताई.” खरं तर हातात छिन्नी आणि हातोडी होती. जळलेल्या कॉइलीची डोकी तोडत होते. पण ते त्यांना फोटोत बरं दिसेना. लेख आल्यावर धंद्यातल्या तिघांचे फोन आले. तिघांनीही तेच विचारलं, बंद मोटरीला पेचकस लावून काय करत होतीस, गुदगुल्या?

मागे उभा असलेला मुलगा लेखात ‘मुख्य कारागीर’ झालाय. तो तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे शिकायला आला आहे. पुरवणी आल्यापासून जरा ताठ चालतो, ते एक सोडा.

आता मोठी दुरुस्ती. तुमची बातमीदार दीड तास बसली होती. घरचे काय म्हणाले, लोक हसले का, रडू आलं का, मुलं कोण सांभाळायचं, ‘पुरुषांच्या क्षेत्रात’ भीती नाही का वाटली, सगळं विचारून झालं. मोटरीबद्दल एकही प्रश्न आला नाही. आणि दोन हातांवर, टेबलावर, एक मोटर पोट उघडून पडली होती. तिच्या जळक्या वार्निशचा वास इतका होता की तुमच्या पाहुण्यांनी मधेच रुमाल लावला. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं जे होतं ते त्या टेबलावर होतं. म्हणून आता मीच लिहिते.

मोटर का जळली हे आतलं तांबं सांगतं. तिन्ही फेजच्या, म्हणजे विजेच्या तिन्ही तारांच्या, कॉइली सारख्याच काळ्या पडल्या असतील तर भार जास्त झालाय, किंवा व्होल्टेज कमी पडलंय, किंवा मागच्या पंख्याची हवा अडली आहे. एकाच कॉइलीत हरभऱ्याएवढा गोळा वितळलाय आणि बाकीची तार नव्यासारखी लखलखीत आहे, तर कुठंतरी तारेवरचा मुलामा खरवडून टर्न, म्हणजे तारेचे फेरे, एकमेकांना लागून शॉर्ट झालेत. स्लॉटच्या, म्हणजे तार बसते त्या खाचेच्या, तोंडाशी जळालं असेल तर कागद फाटून तार बॉडीला लागली. स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, पत्र्यांवर घासल्याची चकाकी दिसली तर तारेला शिव्या देऊ नका, बेअरिंग गेलं आणि आत फिरणारा रोटर घासला. हे सगळं उघडल्याबरोबर, हात लावायच्या आधी बघायचं असतं. एकदा छिन्नी चालली की पुरावा गेला.

त्या दिवशीची मोटर पंपाची होती, ३ एचपी, चार पोल, ३६ स्लॉट, स्टार जोडणी (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र बांधलेलं). आत वाकून पाहिलं तर कॉइलीचे गट गोलाकार असे दिसत होते : दोन काळे, एक स्वच्छ, दोन काळे, एक स्वच्छ, असं चार वेळा. जणू कुणी मोजून रंग दिला असावा. हे दिसलं की दुसरं काही शोधायला नको. तीनपैकी एक फेज कुठंतरी तुटली होती. आम्ही त्याला सिंगल फेजिंग म्हणतो.

यातली मेख अशी की फेज तुटली तरी चालती मोटर लगेच थांबत नाही. आवाज बदलतो, घशात अडकल्यासारखी घुमते, पण फिरत राहते. उरलेल्या दोन तारांतून सगळा भार ओढते. करंट साधारण पावणेदोनपट होतो, आणि उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे तिप्पट. इन्सुलेशनचा आमच्याकडचा जुना ठोकताळा असा की ठरलेल्या तापमानाच्या वर दर १० अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. बी क्लासचं इन्सुलेशन १३० अंश सोसतं, एफ क्लासचं १५५. तिप्पट उष्णतेपुढे दोन्ही मिनिटांचे सोबती.

ती मोटर दोन महिन्यांत दुसऱ्यांदा जळली होती. पहिल्यांदा दुसरीकडे भरली होती आणि चांगली भरली होती, हे मुद्दाम सांगते. टर्न बरोबर, गेज म्हणजे तारेची जाडी बरोबर, बांधणी माझ्यापेक्षा नीटनेटकी. भरणाऱ्यानं भरून दिली, पण जळली का, हे विचारलं नाही. मी गिऱ्हाइकाला सांगितलं, मोटर ठेवा, आधी ती चालू-बंद करणारा स्टार्टर काढून आणा. ते म्हणाले, “मिस्त्री नाहीत का?” म्हटलं, मीच. “नाही, म्हणजे मोटर बघणारे.” म्हटलं, मीच बघते. ते हसले आणि खुर्चीवर बसले, कुणीतरी येईल म्हणून.

स्टार्टर आला. एका फेजचा कॉन्टॅक्ट जळून खडबडीत झाला होता, कधी टेकायचा, कधी नाही. ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी ओव्हरलोड रिलेत होती. असं काही झालं की रिलेनं ट्रिप होऊन मोटर बंद करायची असते, त्यासाठीच तो असतो. पण तो वारंवार ट्रिप होतो म्हणून कुणीतरी त्याच्या ट्रिपच्या कॉन्टॅक्टवर तारेचा तुकडा घालून तो कायमचा गप्प केला होता. बोटभर तार, छान पिळलेली. तिनं दोन मोटरी खाल्ल्या.

मी हे सगळं गिऱ्हाइकाला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तारेचा माल हलका तर नव्हता ना? तेवढ्यात आमचा ‘मुख्य कारागीर’ वार्निशचा डबा घेऊन आत आला. त्यांनी त्याला विचारलं. त्यानं माझंच अर्धवट ऐकलेलं ठोकून दिलं : “साहेब, डेल्टामध्ये सिंगल फेजिंग झालंय.” मोटर स्टारची होती. डेल्टाची, म्हणजे तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेली, असती तर एकच फेज जळाली असती आणि दोन वाचल्या असत्या, म्हणजे नेमकं उलट. साहेबांनी मान डोलावली. “असं सांगा ना मग,” असं मला म्हणाले.

पोराला मी त्यांच्यासमोर काही बोलले नाही. संध्याकाळी त्याच्याकडून दोन्ही जोडण्या दहा दहा वेळा कागदावर काढून घेतल्या. आता तो झोपेतही चुकणार नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यात मात्र डेल्टाच राहिलं असेल.

माझी मुलगी विजेचंच शिक्षण घेते. हा प्रसंग सांगितल्यावर तिनं मला हर्था आयर्टन या बाईंबद्दल वाचून दाखवलं. त्या काळी रस्त्यावर कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून चालणारे आर्क दिवे असत. ते मधेच फुसफुसायचे, उजेड डळमळायचा. का, ते या बाईंनी शोधून काढलं. कांडीच्या टोकाला पडणाऱ्या खळग्यापर्यंत हवेतला ऑक्सिजन पोचला की फुसफुस सुरू होते. बिघाड बघून कारण शोधणं, म्हणजे माझाच धंदा की. १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत त्यांनी स्वतः हा निबंध वाचला आणि त्या संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. १९०२ मध्ये रॉयल सोसायटीसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, तर विवाहित स्त्रीला सभासद करून घेता येत नाही म्हणून परत आलं. त्याच सोसायटीनं १९०६ मध्ये त्यांना ह्यूज पदक दिलं. पदक चाललं, सभासदत्व नाही.

पण मला आवडलं ते वेगळंच. १९०९ मध्ये त्यांनी ‘वेस्टमिन्स्टर गॅझेट’ या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. रेडियमचं श्रेय मेरी क्युरींना सोडून त्यांच्या नवऱ्याला दिलं जात होतं, त्याबद्दल. त्यात त्या म्हणतात की चुका मारायला कठीण असतातच, पण बाईचं काम पुरुषाच्या नावावर घालणारी चूक मांजरापेक्षाही जास्त जन्म घेते. त्यांचे स्वतःचे यजमानही विजेचेच प्राध्यापक होते, तेव्हा हे त्या अनुभवानं बोलत असणार. माझे यजमान हिशेबनीस असूनही आपण मला सोडलं नाहीत!

तुमच्या लेखात आणखी एक वाक्य आहे : ‘या क्षेत्रात महिला नाहीतच.’ हे तर साफ चूक. मोटरीच्या कारखान्यांत कॉइली गुंडाळणाऱ्या, स्लॉटमध्ये तार बसवणाऱ्या बायकाच बायका असतात. लहान दुकानांतही नवरा बाहेरची कामं घेतो आणि आतल्या खोलीत बायको कॉइल काढते. पाटीवर तिचं नाव नसतं एवढंच. पंख्याच्या मोटरीत ३६ गेजची तार असते, ०.१९ मिलिमीटर, शिवणाच्या दोऱ्याएवढी. ती न तोडता, मुलामा न खरवडता शेकडो फेरे बसवायचे. “बायकांची बोटं नाजूक, त्यांना हे चांगलं जमतं,” असं सगळे म्हणतात. आपल्या लेखाचं शीर्षकही ‘नाजूक हातांची पोलादी जिद्द’ असंच होतं. या कौतुकानं मला चार वर्षं एका स्टुलावर बसवून ठेवलं, म्हणून ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो.

२७ वर्षांपूर्वी मी या धंद्यात आले ते कॉइल काढायलाच. हँडल फिरवायचं, काउंटर बघायचा, फेरे पूर्ण झाले की बांधून बाजूला ठेवायचं. आमचे उस्ताद माणूस चांगले, शिवी नाही, पैसे वेळेवर. पण मोटर उघडायची वेळ आली की मला काहीतरी आणायला पाठवायचे. मुद्दाम नसावं. कव्हर निघतं तेव्हा तिथं कोण असावं याची त्यांच्या मनात एक यादी होती आणि तीत मी नव्हते. माझ्यानंतर आलेली दोन मुलं वर्षभरात बेअरिंग ओढायला लागली. मी मोजतच होते, एक, दोन, तीन.

मग मी भंगार वाचायला लागले. जुनी तार तोडून काढली की कोपऱ्यात ढीग पडायचा, वजनावर विकायला. सगळे गेले की मी त्यातून कॉइली उचलायची. कुठं काळी आहे, कुठं गोळा झालाय, कागद कुठं फाटलाय ते बघायची आणि मोटर का जळली असेल ते वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी उस्ताद गिऱ्हाइकाला जे कारण सांगत ते शेजारी लिहायची. पहिले सहा महिने माझं दहातलं तीनदा जमायचं. दोन वर्षांनी नऊदा जमायला लागलं.

एकदा त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, ओव्हरलोड झाली, भार कमी करा. मी रात्री ढीग उपसला तर जळलेली एकच कॉइल, बाकी सगळी तार सोन्यासारखी. ओव्हरलोडनं एकच कॉइल कशी जळेल? दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी ती कॉइल नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली. बोलले काहीच नाही, धीरच झाला नाही. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली, चष्मा काढून पुन्हा पाहिली. “कुठून काढलीस?” “भंगारातून.” त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला आणि म्हणाले, भार राहू द्या तसाच, माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हर काढताना त्यांनी मला हाक मारली. त्या हाकेचं सुद्धा मला काही विचारलं नव्हतं तुमच्या लोकांनी.

वजनाचं मात्र सगळे विचारतात. ५ एचपीची मोटर चाळीस किलोच्या घरात जाते, कशी उचलता? चेन ब्लॉकनं उचलते. छताला एक आडवा खांब आहे, त्याला साखळी आहे, साखळीला हूक. उस्ताद हातानं उचलायचे आणि पन्नाशीत त्यांना वाकून बुटाची नाडी बांधता येईना. या विषयावर मला यापेक्षा जास्त बोलायचं नाही.

रात्रीच्या कामाचं थोडं सांगते. पंप रात्री बंद पडला की गिऱ्हाईक मला फोन करत नाहीत. “तुम्हाला कशाला त्रास” म्हणतात आणि दुसऱ्याला बोलावतात. रात्रीच्या कामाला दर वेगळा असतो, तोही मग दुसऱ्यालाच. काळजीपोटीच म्हणतात, मान्य. ही काळजी जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९१९ मध्ये केलेल्या करारानं बायकांना कारखान्यांत रात्री काम करायला मनाई होती. १९३४ मध्ये तो सुधारला आणि काही बायकांना त्यातून मोकळं केलं. कुणाला? जबाबदारीच्या व्यवस्थापकीय जागेवर असलेल्या आणि सहसा हातानं काम न करणाऱ्यांना. हातात पक्कड असलेली बाई होती तिथंच राहिली. मुलीनं हे वाचलं तेव्हा आम्ही दोघी हसलो, पण तिचं हसू जरा लवकर थांबलं. तिला पुढं वीजनिर्मिती केंद्रात काम करायचं आहे.

तर माझी मागणी एवढीच. फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी. यजमानांचं नाव काढावं, मुलाला ‘शिकाऊ’ करावं, त्याची हरकत नाही, मी विचारलंय. माझ्या उस्तादांचा उल्लेख करावा. ते आता काम करत नाहीत, पण पेपर रोज वाचतात, आणि माझ्यावरच्या लेखात त्यांनी आपलं नाव शोधलं, सापडलं नाही तेव्हा पेपर घडी घालून ठेवून दिला, असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं. मला त्याचं सगळ्यात जास्त लागलं. चार वर्षं स्टुलावर बसवलं ते खरं, पण नंतर हाक मारली तीही त्यांनीच, आणि गेज मोजण्यापासून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) धरण्यापर्यंत हात धरून शिकवलं तेही त्यांनीच.

आणि पुढच्या वर्षी कुणा गवंडी, सुतार, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईकडे माणूस पाठवाल तेव्हा तिला आधी विचारा की आज काय बिघडलंय. ती अर्धा तास बोलायची थांबणार नाही. रडू आलं का, हे त्यानंतर विचारा, वेळ उरला तर.

फोटो पुन्हा छापणार असाल तर छिन्नीचा छापा.

आपली,
एक मोटर वाइंडर
(फोटो छापून झालाच आहे, तरी नाव पुन्हा छापू नये.)

ता. क. : तुमच्या छायाचित्रकारांनी निघताना विचारलं होतं की घरचा छताचा पंखा पाचवर ठेवला तरी रेंगाळतो, काय झालं असेल. मी म्हटलं, कॅपॅसिटर उतरला असेल. ते म्हणाले, “बरं, कुणालातरी दाखवतो.” अजून दाखवला नसेल तर त्यांना सांगा, वीज बंद करून पंख्याच्या दांडीवरची वाटी सरकवायची, आत जो लहानसा डबा दिसेल त्यावर २.५ मायक्रोफॅराड किंवा तसा काहीतरी आकडा लिहिलेला असतो. त्याच आकड्याचा नवीन आणायचा. पंखा हातानं फिरवून बघायचा, सहज फिरत असेल तर दुसरं काही नाही. अडकत फिरत असेल तर बेअरिंग आहे, मग माझ्याकडे आणा.